कौसामावशीची उचल

आधीच सांगते, माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व काय नि दीर्घ काय, मला अजून नीट कळत नाही. कानाला जसं लागतं तसं लिहिते. अक्षरही वाईट. सुरुवातीला ओळीवर असतं, पान संपेपर्यंत खाली उतरत जातं. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहायला घेतलं. कुणी वाचेल असं वाटत नाही. वाचलंच, तर अशुद्ध लिहिण्याबद्दल माफ करा. बाकी गोष्टींची माफी ज्या बाईबद्दल लिहिते आहे तिच्याकडेच मागायला हवी होती. ती राहून गेली.

तिचं नाव कौसाबाई. मी कौसामावशी म्हणायचे. नात्यानं ती माझी कुणी नव्हती.

आमचं गाव बदनापूरच्या बाजूचं, बाजाराचं. गावाच्या कडेला कापसाचा जुना कारखाना होता, त्याला सगळे जीन म्हणायचे. शेतकरी गाड्या भरून कापूस आणायचे. जीनमध्ये रेचा नावाच्या यंत्रावर सरकी वेगळी व्हायची, रुई वेगळी. रुईच्या गठाणी बांधून रेल्वेनं कुठं कुठं जायच्या. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हंगाम असायचा. सकाळी भोंगा वाजला की गावातल्या बायका भाकरी बांधून निघायच्या.

लग्न होऊन आले तर आमचं घर जीनच्या भिंतीसमोरच. पहिल्याच हंगामात सासूबाईंनी मला कौसामावशीच्या हवाली केलं. ती उंच, काळी, हाडकुळी. फार वर्षांपासून रेच्यावर होती. नवरा लवकर गेलेला, एक लेक, ती कुंभार पिंपळगावला दिलेली.

"ही बोलत न्हाई बरं का," सासूबाई तिला म्हणाल्या.

"बोलायचं कशाला माय? तिथं ऐकायला कोण बसलंय?" कौसामावशी म्हणाली, आणि माझा दंड धरून चालू लागली.

तिचं म्हणणं रेचाघरात शिरल्यावर कळलं. दोन्ही बाजूंनी रेच्यांची रांग, खालून पट्टे फिरतात, आणि आवाज असा की आपला श्वाससुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. मी तर भिंतीला चिकटूनच उभी राहिले. पण समोर पाहते तो बायका हसताहेत, एकमेकींना काही सांगताहेत, एक तर रडत होती आणि दुसरी तिला समजावत होती. आवाज कुणाचाच नाही, नुसते ओठ हलत होते. रेच्यावरच्या बायका ओठ वाचायच्या. हात कापूस घालण्यात गुंतलेले, म्हणून सारं बोलणं तोंडानं, भुवयांनी आणि मानेनं.

आठ दिवसांत मला ते यायला लागलं. आणि मी, जिला घरात नवऱ्याकडं मीठ मागायचं तर घाम फुटायचा, ती मी तिथं बोलायला लागले. आवाज कुणाला ऐकू जाणार नाही म्हटल्यावर भीती राहिली नाही. माहेरच्या गोष्टी, शाळेतल्या गोष्टी, सासूबाईंच्या तक्रारी, सगळं मी कौसामावशीला सांगितलं. ती तीन नंबरच्या रेच्यावर आणि मी चारवर. संध्याकाळी यंत्र थांबलं की माझं तोंड पुन्हा बंद.

"घरी मुकी अन् रेच्यावर पोपट," ती म्हणायची. "तुझ्या सासरी एक रेचा बसवून द्यायला पाहिजे."

इतक्या वर्षांच्या आवाजानं तिचे कान गेले होते. बाहेर ती फार मोठ्यानं बोलायची. हळू बोलायचं असलं की नुसते ओठ हलवायची, आणि ज्याला येत नाही तो बघत राहायचा. मुनीमजींची तिनं अशीच दशा केली होती. मुनीमजी पगडी घालून रेच्यांमधून फिरायचे आणि कापूस सांडला की मजुरी कापायचे. ते समोर उभे राहिले की कौसामावशी त्यांच्याकडं पाहत, चेहरा एकदम भोळा ठेवून, ओठांनी त्यांच्या पोटाबद्दल, पगडीबद्दल आणि त्यांच्या बायकोच्या नशिबाबद्दल काय काय बोलायची. सगळ्या रांगेला हसू आवरायचं नाही. एकदा यंत्र बंद पडलं, अचानक शांत झालं, आणि सगळ्या हसतानाच सापडल्या.

"क्या बोल रही थी कौसाबाई?"

"तुमच्या लेकरांबाळांना आशीर्वाद देऊन राह्यले मुनीमजी."

"आशीर्वादाला एवढ्या हसत्यात?"

"लेकरं जादा आहेत ना तुमची. नावं घेता घेता दम लागला."

मुनीमजीही हसले. त्या दिवशी कुणाची मजुरी कापली नाही.

तिला एक सवय होती. कुणाशीही बोलायच्या आधी ती समोरच्या बाईच्या खांद्यावरचा, केसांतला रुईचा तंतू उचलायची. नसला तरी उचलल्यासारखं करायची. आणि तिचं एक म्हणणं होतं, "रिकामा रेचा जादा वाजतो." फुशारक्या मारणाऱ्या पुढाऱ्याबद्दल हेच, रडणाऱ्या उपाशी पोराबद्दल हेच. पोराला भाकर द्यायची आणि पुढारी आला की दार लावून घ्यायची.

ती बुद्धवाड्यातली. सासूबाईंनी मला बजावलं होतं की तिच्या तांब्यातलं पाणी पिऊ नको. रेचाघरात नाकातोंडात रुई जायची, घसा कोरडा व्हायचा. तांब्या कुणाचा ते कोण बघतो? पण मी घरी जाऊन सासूबाईंना सांगायचे, नाही पीत. कौसामावशीला ते माहीत होतं. एकदा ओठांनी म्हणाली, "पी माय. खोटं घरी जाऊन बोलायचं, इथं पाणी प्यायचं." ती हसली, मला मात्र हसू आलं नाही.

आता उचलीचं सांगते.

पावसाळ्यात जीन बंद असायचं आणि बायकांच्या हाती पैसा नसायचा. तेव्हा जीनमधून उचल मिळायची. म्हणजे पैसे आधी घ्यायचे आणि हंगामात मजुरीतून फेडायचे. त्याला एक रीत होती. बाईनं मुनीमजींबरोबर बंद रेचाघरात जायचं. आपण ज्या रेच्यावर बसतो त्याच्या चाकावर हात ठेवायचा, पैसे कशाला पाहिजेत ते सांगायचं आणि "फेडीन" म्हणायचं. हंगामात उचल फिटली की पुन्हा चाकावर हात ठेवायचा. मुनीमजी म्हणायचे, "मोकळी." झालं. उचल कुणी बुडवल्याचं मी ऐकलं नाही. ज्या चाकात बोटं जायची रोज भीती, त्याच्यावर हात ठेवून खोटं कोण बोलणार?

कौसामावशी बोलली. एकदाच.

ऐंशी साल सरून एक-दोन वर्षं झाली असतील. तिनं पावसाळ्यात तीनशे रुपये उचल घेतली. चाकावर हात ठेवून सांगितलं की लेकीच्या बाळंतपणाला पाहिजेत. लेकीचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं होतं, त्याला काही लागलंच नव्हतं. ती पैसे घेऊन जालन्याला गेली आणि स्वतःला एक इरकली लुगडं आणलं, डाळिंबी रंगाचं, रुंद काठाचं. मला घरी बोलावून दाखवलं. मी हात लावला तर माझ्या बोटांच्या खरखरीत चामडीला त्याचे धागे अडकले.

"सारा जलम कापसात गेला माझा," ती म्हणाली, "अन् अंगावर धड लुगडं न्हाई. दिवाळीला भोंगा वाजला की हेच घालून जाते. मुनीमजीला चक्कर आली पाहिजे."

त्या दिवाळीला भोंगा वाजला नाही.

दोन दिवस बायका फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी मुनीमजी बाहेर आले आणि म्हणाले, शेठजींनी बंद केलं. पुरुष मंडळी सांगायची की यंत्रं जुनी झाली, जालन्याला नवीन जिनिंग निघाल्या, विजेचं बिल थकलं. कौसामावशीनं कुणाचं काही ऐकलं नाही. तिच्या मनात एकच बसलं: चाकावर हात ठेवून आपण खोटं बोललो, त्याच सालात जीन बंद पडलं, आणि गावातल्या सगळ्या बायकांची भाकर आपल्या लुगड्यात गेली.

हे तिनं फक्त मला सांगितलं, आणि तेही लगेच नाही. दोनेक वर्षांनी जीनमधली यंत्रं भंगारात विकली गेली, त्या दिवशी. ट्रक भरत होते. कौसामावशी हमालांना विचारत फिरत होती, "तीन नंबर कोणता? दादा, तीन नंबरचा रेचा कोणता?"

"आजी, जालन्याला भट्टीत गेल्यावर काय तीन अन् काय तेरा? सळया होणार सगळ्यांच्या."

ट्रक गेल्यावर ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. माझ्या खांद्यावरचा नसलेला तंतू उचलला आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ज्याच्यावर हात ठेवला ते आता कुणाच्या तरी स्लॅबात जाईल. मी कुणाला फेडू?"

मीही ओठांनीच म्हणाले, "असं कुठं असतं का मावशी? कारखाना एका लुगड्यानं बंद पडतो का?"

"तुझे ओठ म्हणून राह्यले. डोळे न्हाई म्हणत."

खरं सांगायचं तर मलाही थोडं तसं वाटत होतं. मीही त्या चाकापाशी बसलेली बाई होते.

लुगडं तिनं अंगाला लावलं नाही. मुनीमजी आपल्या मुलखाला निघून गेले, शेठजी वारले. पैसे द्यायला माणूस उरला नाही. मग ती वेगळ्या वाटेनं फेडत राहिली. जीनमधल्या कुठल्याही बाईच्या घरी लग्न असो की मयत, न बोलावता जायची आणि भांडी घासत बसायची. दिवसा कापूस वेचायची, शेंगा फोडायची, आणि संध्याकाळी दुसऱ्याचं फुकट काम. बायका म्हणायच्या, कौसाबाई किती भली. ते ऐकलं की ती उठून जायची.

असं बरीच वर्षं चाललं. जीनच्या जागेवर प्लॉट पडले, घरं उभी राहिली. आमच्या घरासमोरचा एक कोपरा तेवढा मोकळा होता. तिथं एक दिवस गवंडी आले आणि चौथरा बांधला. शेठजींच्या नातवानं, जालन्याच्या मोंढ्यात त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे, आजोबांच्या आठवणीला दगड बसवायचं ठरवलं होतं. काळा गुळगुळीत दगड, त्यावर कोरलेली अक्षरं, आणि शेजारी रेच्याचं एक लोखंडी चाक, हिरवा रंग देऊन उभं केलेलं. आमच्या जीनची चाकं कधीच वितळली होती. हे कुठून तरी विकत आणलेलं.

मी कौसामावशीला वाचून दाखवलं. या भागातला कापसाचा पहिला कारखाना इथं होता, तो वाफेच्या इंजिनावर सुरू झाला, अमुक शेठजींनी तो काढला आणि शेकडो हातांना काम दिलं, असं होतं. तिनं चाकाला हात लावला, दाते चाचपले.

"तीन नंबरचं न्हाई हे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण रेच्याचंच आहे. बिलकुल रेच्याचं."

दगडावरचा पडदा काढायला नातू जालन्याहून आला. हार झाले, भाषणं झाली, पेढे वाटले. कौसामावशी पदरात तीनशे रुपये बांधून आली होती. किती दिवसांचे जमवलेले असतील, मला माहीत नाही. गर्दीतून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. म्हातारी बाई, जुनं लुगडं, समोर येऊन उभी. त्याला वाटायचं तेच वाटलं. त्यानं खिशातून दहाची नोट काढली, तिच्या हातात दिली, तिच्या पायाला हात लावल्यासारखं केलं आणि गाडीत बसून गेला.

ती नोट धरून ती माझ्याकडं आली.

"इंदे, आता तीनशे दहा झाले माय."

मी जन्मात इतकी हसले नव्हते. तीही हसली. आम्ही दोघी दगडाच्या चौथऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग ती म्हणाली, "त्याच्यापुढं पुन्हा जायचं न्हाई. गेलं की वाढतंच." आणि त्याच आठवड्यात तिला लेकीकडून निरोप आला, नातू आजारी आहे. पदरातले तीनशे तिकडे गेले. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

पण आता तिला जागा सापडली होती. बाजाराच्या दिवशी ती दुपारी दगडापाशी यायची, चाकावर हात ठेवायची आणि चाकाच्या खाली दहाची नोट ठेवून वर खडा ठेवायची. देवापुढं ठेवलेलं देवाच्या माणसाला पोचतं, तसं दगडापुढं ठेवलेलं दगडाच्या मालकाला पोचेल, असा तिचा हिशेब. गल्लीतल्या एकानं टोमणा मारला, "काय आजी, देव सोडले अन् आता चाकाला हात जोडायला लागल्या?"

"डोळे फुटले का तुझे? हात जोडत न्हाई, ठेवते," ती म्हणाली.

पहिल्या वेळी मी दारातून पाहत होते. ती गेली आणि दोन बकऱ्या तिथं आल्या. एकीनं खड्याला तोंड लावलं. मी धावत जाऊन नोट उचलली. संध्याकाळी परत करायची म्हणून पदराला बांधून बुद्धवाड्याकडं निघाले. ती वाटेतच भेटली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बघून आले गं. नोट न्हाई तिथं. घेतली त्यांनी."

मी तोंड उघडलं. उघडलंच फक्त. नोट माझ्या पदरात आहे एवढे चार शब्द बोलायचे होते. मी म्हणाले, "हो का?" आणि परत आले.

दुसऱ्या बाजाराला पुन्हा उचलली. बकऱ्या होत्या, पोरं होती, कुणीही नेली असती. घरात एका डब्यात ठेवत गेले. मनाशी म्हणायचे, जमले की एकदम देऊ, तेव्हा समजावून सांगू. माझा हेतू वाईट नव्हता. पण हेतूचं काय?

त्या पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या पायावर तापलेली सळई पडली. हे जालन्याला सळयांच्या कारखान्यात कामाला होते. महिनाभर घरी, मजुरी बंद. आधी मी भांडी गहाण ठेवली. मग डबा उघडला. एकच नोट घेऊ म्हणून उघडला. त्यानंतर कौसामावशी बाजाराच्या दिवशी नोट ठेवायची, मी दाराआडून तिच्या जाण्याची वाट पाहायचे, नोट आणायचे आणि त्याच संध्याकाळी तिचं पीठ व्हायचं. हे बरे होऊन कामावर गेले, तरी डबा पुन्हा भरला नाही. हाताला सवय लागली होती, दुसरं काही नाही. ती बाई दिवसभर उन्हात वाकून दुसऱ्याच्या शेतातला कापूस वेचायची आणि मी सावलीत उभी राहून तो पैसा उचलायचे. पूर्वी तिचा तांब्या लपवला, आता तिची नोट लपवत होते.

ती चिंचोक्यांवर हिशेब ठेवायची. शेवटचा चिंचोका उरला त्या बाजाराला ती माझ्या दारात आली.

"चल माय. आज पुरं होऊन राह्यलं."

"मी कशाला?" मी ओठांनी म्हणाले.

"मोकळी कोण म्हणणार? मुनीमजी न्हाई. जीनचं माणूस पाहिजे ना कुणीतरी. चारवरची तू."

मी गेले. भर दुपार होती, बाजाराची माणसं रस्त्यानं जात होती. तिनं नोट ठेवली, खडा ठेवला. चाकावर उजवा हात ठेवला आणि मोठ्यानं, रस्त्यावरच्या माणसांनी वळून पाहावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "तीनशे बाळंतपणाला म्हणून घेतले, ते खोटं होतं. लुगडं घेतलं. दहा नातवानं दिले. सगळे दिले." मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं.

ती वाट पाहत होती. रेच्यावर रुईनं पांढऱ्या दिसायच्या त्या तिच्या पापण्या आता खरोखरच पांढऱ्या झाल्या होत्या. त्या वेळी मी सांगू शकले असते. आवाजाचीही गरज नव्हती, ओठ हलवले असते तरी तिला कळलं असतं. मी ओठ हलवले. "मोकळी," असे हलवले.

तिनं चाकावरचा हात काढला, दोन्ही हात झटकले, जशी रेचा थांबल्यावर झटकायची, आणि निघून गेली. मी तिथंच उभी राहिले. मग खडा बाजूला केला आणि ती शेवटची नोटही उचलली. ठेवली असती तर बकऱ्यांनी खाल्ली असती. आजही मी स्वतःला हेच सांगते.

पुढच्या बाजाराला ती डाळिंबी लुगडं नेसून आली. इतक्या वर्षांच्या घडीवर ते विरलं होतं, घडीच्या रेषांवर फिकट पट्टे पडले होते. बायकांनी तिला घेरलं.

"काय कौसामाय, नवरी का काय?"

"सासर कुठं मिळालं वं या वयात?"

"मिळालं की. तुमच्याच घरी येऊन राह्यले, खोली झाडून ठेवा," ती म्हणाली. मी कडी लावून आत बसले होते. तिनं दार वाजवलं. मी उघडलं नाही.

त्यानंतर ती फार दिवस गावात राहिली नाही. वेचणीचं काम होईना, लेक येऊन कुंभार पिंपळगावला घेऊन गेली. दोन-तीन वर्षं गेली. एका उन्हाळ्यात निरोप आला की ती अंथरुणाला लागली आहे आणि इंदीची आठवण काढते. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीत बसले. जालना, मग अंबड, घनसावंगी. वाटभर मी तेच चार शब्द तोंडात घोळवत होते. सांगायचं आणि पाय धरायचे, एवढं ठरवलं होतं.

ती ओसरीवर बाजेवर होती. कान तर आधीच गेलेले, आता डोळ्यांतही मोतीबिंदू. लेक म्हणाली, आईला दिसत नाही, तिच्याशी बोलायचं तर हात धरून बोलावं लागतं. मी जवळ बसले. तिनं माझा हात चाचपला, मग खांदा, मग चेहरा. मी कोण ते तिला कळलं.

"बोल," ती म्हणाली, आणि आपली बोटं माझ्या ओठांवर ठेवली.

तिला आता असं वाचता येत होतं. सुकलेली, सुतळीसारखी बोटं. माझ्या ओठांवर ती इतकी हलकी होती की श्वास सोडला असता तर उडाली असती. लेक आत चहा करत होती, ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "मावशी." तिची बोटं थांबून होती. मी म्हणाले, "मावशी, बरी आहेस का?"

"बरी आहे. मोकळी आहे," ती म्हणाली. "कपाशी कशी आहे यंदा तुमच्याकडं?"

पेरण्या झाल्या नव्हत्या अजून, कपाशी कुठली असणार? मी म्हणाले, चांगली आहे. ते तिनं बोटांनी वाचलं आणि मान हलवली. मी निघाले तेव्हा ती बाजेवर उठून बसली होती. रस्ता होता त्याच्या उलट्या बाजूला तोंड करून, मी तिकडं आहे असं समजून हात हलवत होती. मी परत वळून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले नाही. एसटीची वेळ झाली होती. ती पुढं पोळ्याच्या सुमारास गेली. तो हलणारा हात, तेच तिचं मला दिसलेलं शेवटचं.

एसटीत मला एक गोष्ट कळली. सांगणं माझ्याच्यानं होणार नाही, पण मी दिलेला शब्द खोटा आहे तोवर ती मोकळी नाही. तिला परत द्यावेत, तर तिची उचल पुन्हा तशीच. पैसे जिथं जायला हवे होते तिथंच जायला हवेत. मी गोधड्या शिवत होते, त्याचे पैसे होते थोडे. उरलेल्यासाठी आणखी दोन गोधड्या रातदिवस बसून संपवल्या. ती आहे तोवर द्यायचे होते.

मृग लागला तशी जालन्याला गेले आणि मोंढ्यात विचारत विचारत दुकान गाठलं. बियाणं घ्यायला शेतकऱ्यांची ही गर्दी. मी कितीतरी वेळ खांबापाशी उभी राहिले. शेवटी नातवाचंच लक्ष गेलं. केस विरळ झाले होते त्याचे.

"बोला मावशी, काय पाहिजे?"

"पैसे द्यायचेत."

"जोरात बोला. कुणाची उधारी? नाव सांगा."

"उधारी न्हाई. जीनची उचल. कौसाबाईची. तीन नंबरच्या रेच्यावरची."

त्याला काही कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग तो हसला, वाईट हसला नाही. "अहो, ते आमच्या आजोबांच्या वेळचं. आता कोण घेतं त्याचे पैसे? राहू द्या." आणि त्याचा हात गल्ल्याकडं गेला. मला दिसलं, हा आता मला काहीतरी देणार.

"द्यायचं न्हाई," मी म्हणाले. "घ्यायचं."

माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. सगळे शेतकरी माझ्याकडं पाहत होते. मी नोटा फळीवर ठेवल्या आणि हात त्यांच्यावरच ठेवून उभी राहिले, तो घेईपर्यंत.

त्यानं घेतल्या. थुंकी लावून मोजल्या.

"तीनशे दहा. वरचे दहा कशाचे?"

"ते तुम्हीच दिले होते."

त्याला आठवलं नाही. त्यानं नोटांवर रबर चढवलं, गल्ल्यात टाकल्या, गल्ला लावला आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "बोला पाटील, कपाशी का सोयाबीन?"